रेडिओ ४चा सलग दिवस : लंडनचं घड्याळ, सहा पिप्स आणि सागरी अंदाज

बातम्या, चर्चा आणि नाटकांचं ब्रिटिश केंद्र बीबीसी रेडिओ ४ याचा पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंतचा अख्खा दिवस भारतात बसून नेटवरून रेकॉर्ड करायचा, या कामाची ही पुढची नोंद. सुटे कार्यक्रम मागाहून ऐकता येतातच. पण त्यात दोन कार्यक्रमांमध्ये बोलणारा निवेदक, तास सुरू झाल्याचे छोटे बीप म्हणजे पिप्स, संध्याकाळच्या नाटकाची दुपारीच दिलेली झलक हे सगळं गळून जातं. शेतीच्या बातम्यांवरून राजकीय मुलाखतीकडे, तिथून इतिहासाच्या चर्चेकडे हे केंद्र कसं वळतं, ते या सांध्यांतच कळतं. म्हणून थेट प्रसारणच धरायचं.

सगळ्यात जास्त त्रास घड्याळाचा. लंडन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतं. म्हणजे उन्हाळ्यात आपण साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. सकाळी सहा ते नऊचा बातम्यांचा कार्यक्रम 'टुडे' आपल्याकडे उन्हाळ्यात साडेदहा ते दीड, तर हिवाळ्यात साडेअकरा ते अडीच. भारतीय वेळेवर क्रॉन (ठरल्या वेळी काम सुरू करणारी संगणकातली सोय) लावून ठेवला तर वर्षातून दोनदा सगळं तासाने सरकतं. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या नेहमीच्या क्रॉनला प्रत्येक कामासाठी वेगळं टाइमझोन देता येत नाही; त्याच प्रणालीतल्या सिस्टमडी टायमर या दुसऱ्या सोयीत वेळेपुढे मात्र 'यूरोप/लंडन' लिहिता येतं. तेच वापरा.

फाइलच्या नावात लंडनची वेळ घालू नका. ऑक्टोबरच्या त्या रविवारी रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो, नावं तीच पडतात आणि दुसरी फाइल पहिलीला पुसून टाकते. त्या वेळी रेडिओ ४वर बीबीसीची जागतिक सेवा, वर्ल्ड सर्व्हिस, चालू असते, त्यामुळे नुकसान लगेच ध्यानात येत नाही. नावात यूटीसी, म्हणजे कधीच पुढेमागे न होणारी जागतिक प्रमाणवेळ, आणि लंडनची वेळ फक्त नोंदवहीत.

रेकॉर्डिंगला एफएफएमपेग हा मोफत प्रोग्रॅम पुरेसा आहे. पुन्हा एन्कोड न करता नेटवरचा प्रवाह (स्ट्रीम) जसाच्या तसा कॉपी करायचा. ९६ केबीपीएसला तासाला साधारण ४३ एमबी लागतात. पहाटे पाच ते रात्री एक हे २० तास ८६५ एमबीच्या आसपास जातात. फाइल एमफोरए प्रकारची मात्र ठेवू नका. त्या प्रकारात फाइलची अनुक्रमणिका अगदी शेवटी लिहिली जाते. मधेच वीज गेली की अनुक्रमणिका नाही, आणि मग आधीचे तीन तासही वाजत नाहीत. टीएस किंवा साधी एएसी ठेवली तर वीज जाईपर्यंतचं सगळं शाबूत राहतं. रेकॉर्डिंगचा छोटा संगणक रास्पबेरी पाय ४ किंवा त्याआधीचा असेल तर त्यात बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज आल्यावर नेटवरून वेळ जुळेपर्यंत रेकॉर्डिंग सुरूच होऊ देऊ नका, नाहीतर फाइलवर भलतीच वेळ पडते.

आता तुकडे पाडण्याचं. स्ट्रीम खऱ्या वेळेच्या मागे धावते, कधी काही सेकंद, कधी पाऊण मिनिट, आणि पुन्हा जोडली की हे अंतर बदलतं. घड्याळावर कापलं तर आधीच्या कार्यक्रमाचं शेपूट पुढच्या फाइलीत येतं. त्यापेक्षा पिप्सवर कापा. १९२४पासून चालत आलेला हा वेळसंकेत १ किलोहर्ट्झचा आहे : ५५ ते ५९ सेकंदांवर पाच छोटे, प्रत्येकी ०.१ सेकंदाचे, आणि सहावा अर्ध्या सेकंदाचा. तास सुरू होतो तो सहाव्याच्या आरंभी, शेवटी नव्हे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रॅमच्या स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या कंप्रतांच्या चित्रावर) १००० हर्ट्झच्या रेषेवर सहा ठिपके स्वच्छ दिसतात. शोधणारी स्क्रिप्ट लिहाल तर अरुंद बँडपास (१००० हर्ट्झच्या आसपासचाच आवाज जाऊ देणारी गाळणी) लावा आणि सहाही ठिपके एकेक सेकंदाच्या अंतराने आले तरच होकार द्या. एकट्या ठिपक्यावर भरवसा ठेवला तर बासरीचा सूरही पिप ठरतो.

संध्याकाळी सहाला आणि मध्यरात्री स्क्रिप्टला काहीच सापडत नाही, तेव्हा ती बिघडली असं समजू नका. त्या वेळी पिप्सऐवजी बिग बेनचे टोले असतात. तिथे पहिला टोला म्हणजे तास. त्याआधीची घंटांची धून मोजायची नाही. हे दोन सांधे हातानेच कापलेले बरे.

ऐकताना सर्वांत जास्त वेळ द्यावा तो रात्री १२:४८च्या शिपिंग फोरकास्टला, म्हणजे जहाजांसाठीच्या सागरी अंदाजाला, उन्हाळ्यात आपल्या पहाटे ५:१८ला. आधी रोनाल्ड बिंज यांची 'सेलिंग बाय' ही संथ धून, मग अंदाज. ब्रिटनभोवतीच्या समुद्राचे ३१ विभाग, सुरुवात व्हायकिंगपासून. आकाशवाणीवरचे मच्छीमारांसाठीचे इशारे ज्यांच्या कानात आहेत त्यांना याचं मोल सांगायला नको. क्रम ठरलेला : वादळाचे इशारे, हवेच्या दाबाचं एकूण चित्र, मग विभागवार वारा, हवामान, दृश्यमानता. वाऱ्याचा आकडा ब्यूफर्ट या वाऱ्याच्या जोराच्या मापाचा असतो, 'फोर्स' हा शब्द गाळून. आठपासून 'गेल', म्हणजे वादळी वारा. वादळ कधी येणार ते सांगताना 'इमिनंट' म्हणजे सहा तासांच्या आत, 'सून' म्हणजे सहा ते बारा, 'लेटर' म्हणजे बारा ते चोवीस. दृश्यमानता 'गुड' म्हणजे पाच सागरी मैलांहून जास्त, 'व्हेरी पुअर' म्हणजे हजार मीटरच्याही आत. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणार असेल तर 'व्हीअरिंग', उलट फिरणार असेल तर 'बॅकिंग'. नकाशा छापून समोर ठेवा आणि नाव येईल तसं बोट फिरवा. काही रात्रींत कमी दाबाचा पट्टा अटलांटिककडून सरकताना डोळ्यांसमोर उभा राहतो. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये 'फिनिस्टेअर' ऐकू आलं तर ते २००२ पूर्वीचं आहे. त्यानंतर त्या विभागाला फिट्झरॉय हे नाव मिळालं, १८६१मध्ये वादळाचे इशारे सुरू करणाऱ्या ॲडमिरलचं.

अंदाज संपला की राष्ट्रगीत, आणि एकला वर्ल्ड सर्व्हिस. रेकॉर्डर १:०५ला थांबवा. बरोबर एकला थांबवला तर स्ट्रीमच्या उशिरामुळे राष्ट्रगीत अर्धवट तुटतं.

सध्याचं काम अंदाज ऐकून आपोआप लिहून काढण्याचं आहे. संगणकाला आकडे नीट ऐकू येतात, पण 'डॉगर' आणि 'उटसिरा' ही विभागांची नावं हमखास चुकतात. ३१ नावांची यादी क्रमाने आधीच पुरवायची आणि प्रत्येक तुकडा त्याच क्रमात बसतो का ते तपासायचं, असं ठरलं आहे. एक अडचण उरते : समान अंदाज असलेले विभाग निवेदक एका दमात एकत्र वाचतात, तेव्हा तिथे नावागणिक तुकडा न पाडता पुढच्या वाऱ्याच्या आकड्यापर्यंत थांबावं लागेल.