क्लिंच नदीच्या प्रवाहाबरोबर: शिंपल्यांचे आकार पाहताना

गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आकार इतके निरनिराळे का असतात, हे समजून घ्यायचे तर एखादी नदी वरून खालपर्यंत पाहत जायला हवी, असे मला फार दिवस वाटत होते. त्यासाठी मी अमेरिकेतील क्लिंच नदी निवडली. व्हर्जिनिया राज्यात टॅझवेलजवळ उगम पावणारी ही नदी डोंगररांगांमधल्या दरीतून नैर्ऋत्येकडे वाहत जाते आणि टेनेसी राज्यात किंग्स्टनजवळ टेनेसी नदीला मिळते. तिच्या पात्रात आजही शिंपल्यांच्या ४० हून अधिक जाती आढळतात. साऱ्या युरोप खंडात मिळूनही गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या इतक्या जाती नाहीत.

या नदीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्नल्ड ओर्टमान यांनी बारकाईने संग्रह केला होता. जर्मनीत जन्मलेले ओर्टमान पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात काम करत. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, काही जातींचे शिंपले वरच्या लहान प्रवाहांत चपटे असतात आणि नदी मोठी होत जाते तसतसे तेच शिंपले फुगीर होत जातात. वेगवेगळ्या जाती म्हणून ज्यांची नावे दिली गेली होती, त्यांतली कित्येक रूपे एकाच जातीची, केवळ नदीतल्या निरनिराळ्या ठिकाणची होती.

वरच्या भागात, क्लीव्हलंड गावाच्या आसपास, नदी उथळ आणि खडकाळ आहे. तळाला काच बसवलेली बादली पाण्यावर टेकवून आत पाहिले, की तळ लख्ख दिसू लागतो. तरीही शिंपला ओळखता येईपर्यंत नजरेला बराच सराव करावा लागतो, कारण खड्यांमधून त्याची केवळ मागची कड वर आलेली असते. इथल्या अनेक जाती कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून जिवंत शिंपल्याला हात न लावता मी मुख्यतः मस्करॅट या पाणथळ जागी राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्याने खाऊन काठावर टाकलेली कवचे पाहिली आणि ती तिथेच राहू दिली. त्यातले लाँगसॉलिड जातीचे कवच बाजूने पाहिले तर चपटे होते. पुढे टेनेसीच्या हद्दीत काइल्स फोर्डला पात्र रुंदावते, तिथले त्याच जातीचे कवच बिजागरीजवळ, म्हणजे त्याचे दोन भाग जिथे जोडलेले असतात तिथे, स्पष्ट फुगलेले दिसले. दोन्हींचा रंग आणि बिजागरीचे दात जुळत होते, फरक होता तो जाडीत. हा नियम सगळ्या जातींना लागू पडत नाही, हे ओर्टमान यांनीही नोंदवले होते, आणि मला त्यांची हीच सावध वृत्ती सर्वांत मोलाची वाटते.

आकाराचा संबंध शिंपला गाळात कसा राहतो याच्याशी आहे. लांबट आणि गुळगुळीत कवचाचा शिंपला स्नायूंच्या पायाने स्वतःला चटकन आत ओढून घेतो, त्यामुळे पुराने उघडा पडला तरी तो पुन्हा लवकर रुतू शकतो. जाड, गाठींच्या कवचाचा शिंपला सावकाश रुततो, पण एकदा रुतला की सहजी हलत नाही. पर्पल वॉर्टीबॅक या जातीच्या गाठी प्रामुख्याने कवचाच्या मागच्या भागावर असतात, म्हणजे जो भाग तळाच्या पातळीजवळ राहतो त्यावर. त्या गाठींमुळे कवचाभोवतालची वाळू प्रवाहाने खरवडून जाण्याला आळा बसतो, असे अभ्यासक मानतात. दोन दगडांच्या फटीत वाढलेले एक कवच मला आढळले, त्याची खालची कड दगडाच्या बाजूला आत दबलेली होती. कवच आयुष्यभर कडेने वाढत जाते, त्यामुळे जागेची अडचण त्यात अशी कायमची उमटते. म्हणूनच नुसत्या आकारावरून जात ठरवणे अवघड जाते, आणि आता डीएनएची मदत घेतली जाते.

आकाराचे आणखी एक कारण पिल्लांशी निगडित आहे. वेव्ही-रेड लॅम्पमसल या जातीत मादीचे कवच मागे अधिक फुगीर असते, कारण तिथल्या कल्ल्यांत तिची पिल्ले, म्हणजे अळ्या, वाढतात. अशा एका मादीने कवच किंचित उघडून लहान माशासारखा दिसणारा मांसल पडदा बाहेर काढला होता आणि तो प्रवाहात लयीत हलत होता. त्याला भुलून मासा जवळ आला की अळ्या त्याच्या कल्ल्यांना चिकटतात. स्नफबॉक्स जातीची मादी तर लॉगपर्च माशाचे डोके कवचात धरून ठेवते.

पुढे १९३६ मध्ये पूर्ण झालेल्या नॉरिस धरणाच्या जलाशयाने वरून खालपर्यंत हळूहळू बदलत जाणाऱ्या नदीचा हा क्रम तोडला आहे. संथ पाणी आणि मऊ गाळ पातळ कवचाच्या, फुगीर आणि हलक्या फ्लोटर शिंपल्यांना मानवतो, कारण असे कवच गाळात खचत नाही. खळाळत्या पाण्याचे जड शिंपले अशा ठिकाणी टिकत नाहीत. खालच्या क्लिंचमध्ये पूर्वी कोणत्या जाती किती फुगीर होत्या, हे आता नदीत पाहता येत नाही. ओर्टमान यांचे या खोऱ्यातील शिंपल्यांवरचे काम १९१८ मध्येच, म्हणजे धरणाच्या १८ वर्षे आधी, प्रसिद्ध झाले होते. त्यामुळे त्या भागातल्या आकारांसाठी आजच्या अभ्यासकाला त्यांच्याच संग्रहाकडे आणि त्यांनी प्रत्येक कवचासोबत नोंदवलेल्या ठिकाणाकडे वळावे लागते.