ऊस, हळद, संस्कृत आणि मच्छीमारांना सूचना

मंगळवार, रात्री उशिरा

मोबाईलवर गाणी लावली की तो मला आवडेल तेच देतो, मग त्याच्यासारखं अजून एक, मग अजून एक. आज तासभर ऐकलं आणि त्यात एकही गाणं असं नव्हतं की अरे हे काय म्हणून हातातलं काम थांबलं. सगळं आवडीचं आणि तरी कंटाळा. मग डोक्यात कराडच्या घरातला रेडिओ सुरू झाला, तो अजून बंद होत नाहीये, म्हणून लिहून काढतो.

सत्तरच्या दशकाचा शेवट. मर्फीचा व्हॉल्व्हवाला सेट, बटण फिरवलं की आधी डायलचा पिवळा दिवा लागायचा, आवाज यायला मात्र वेळ, तोपर्यंत नुसती घूं. वरती भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळीची एरियल. लायसन्सचं छोटं पुस्तक असायचं, अण्णा दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून त्यात तिकिटं चिकटवून शिक्का मारून आणायचे. हे परवा मुलीला सांगितलं तर म्हणाली, बाबा म्हणजे सबस्क्रिप्शनच की. हो, सबस्क्रिप्शनच, फक्त तुम्हाला काय आवडतं हे कुणी विचारत नसे.

आणि मजा तिथंच होती असं मला आता वाटतं. दिवसभर जे लागायचं त्यातलं निम्म्याहून जास्त आमच्यासाठी नव्हतंच. कामगारांसाठी, शेतकऱ्यांसाठी, फौजींसाठी, बायकांसाठी, कोळ्यांसाठी, असं सगळं वाटून दिलेलं, आणि आम्ही बिनबोलावता सगळीकडे हजर.

सकाळ आकाशवाणीच्या त्या धूनने व्हायची. तंबोरा आणि त्यावर ते व्हायोलिन, शिवरंजनी रागाच्या अंगाचं. ती धून वॉल्टर कॉफमनची हे मला खूप नंतर कळलं. युरोपातला ज्यू संगीतकार, 1934 मध्ये मुंबईत आला आणि पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळायला लागला. म्हणजे आमच्या आज्जीच्या चुलीपुढची पहाट एका परक्या माणसाने बांधलेली, आणि आज्जीला ती देवळातल्या काकड्याइतकीच आपली. मग वंदे मातरम्, सनई, भक्तिगीतं, आणि सात वाजायला पाच मिनिटं कमी असताना संस्कृत बातम्या. त्या 1974 मध्ये सुरू झाल्या. ‘सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्, प्रवाचकः बलदेवानन्दसागरः’ असं झालं की आज्जी हातातलं काम ठेवून नमस्कार करायची. आत काय, तर कुठंतरी संप, कुठला तरी करार, मंत्र्यांचा दौरा. अण्णा म्हणायचे, आई अगं महागाईची बातमी आहे ती, तर ती म्हणायची असू दे, देवाच्या भाषेत आहे ना.

सकाळच्या बातम्यांना घराघरातली घड्याळं लागायची, तो वेळेचा टूंक टूंक आला की अण्णा भिंतीवरच्या घड्याळाकडे असं बघायचे की चूक घड्याळाचीच असणार.

दुपारी दिल्लीहून ‘धीमी गति के समाचार’. हे आजच्या कुणाला सांगून पटायचं नाही. छोट्या गावातल्या पेपरवाल्यांना रेडिओवरून बातम्या उतरवून घेता याव्यात म्हणून एकेक वाक्य तोडून तोडून, थांबून थांबून, परत एकदा, असं वाचायचे. मला अण्णांनी सुट्टीत वही घेऊन बसवलं होतं, हिंदीच्या परीक्षेला उपयोग होईल आणि अक्षर सुधारेल म्हणून. अक्षर काही सुधारलं नाही पण ‘द्विपक्षीय’ आणि ‘पुनर्विचार’ हे शब्द मी शाळेत कुणाच्याही आधी शुद्ध लिहायला लागलो आणि सरांना वाटलं पोरगं वाचतंय बरंच.

संध्याकाळी सांगली केंद्र, बाराशे एक्कावन्न किलोहर्ट्झ. बाजारभाव. राजापुरी हळद, गूळ, मिरची, शेंग, आवक इतकी, किमान, कमाल, सगळं एका सुरात, निवेदकाला त्यात आनंदही नाही आणि दुःखही नाही. आमच्याकडे एक गुंठाही जमीन नव्हती. तरी हळद पडली की आई चुकचुकायची. त्यानंतर शेतकऱ्यांचा कार्यक्रम, उसावरची काणी, म्हणजे रोग, ओळखायची कशी, लागलेलं बेट, म्हणजे उसाचा अख्खा झुपका, मुळासकट उपटून जाळायचं कसं, खोडकिडा, बेणेप्रक्रिया. एखादा शास्त्रज्ञ अगदी पुस्तकी बोलायचा आणि समोरचा गडी मुद्दाम भोळे प्रश्न विचारायचा, म्हणजे मास्तरांनी उत्तर द्यावं म्हणून. हे शेतीचं रेडिओप्रकरण आपल्या भागात बरंच जुनं आहे, 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून प्रयोग झाला होता, पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं, त्यात आमचा तेव्हाचा उत्तर सातारा पण होता. गावातली माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती एकत्र बसायची, ऐकायची, नंतर आपसात चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायची. आज आपण ज्याला इंटरॲक्टिव्ह वगैरे म्हणतो ते पोस्टकार्डावर चाललं होतं.

हवामानात मच्छीमारांना सूचना असायची, समुद्र खवळलेला राहील, खोल समुद्रात जाऊ नये. मी तोपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. कराडला समुद्र कुठला, कृष्णा आणि कोयना, बस. पण पावसाळ्यात बाहेर धो धो आणि आत हे वाक्य, मला झोपच लागायची नाही, कुणी ऐकलं नसेल तर? मात्र कोयना धरणातून पाणी सोडणार अशी बातमी आली की घरातले सगळे गप्प, कारण ती आमची असायची, लगेच अण्णा छत्री घेऊन घाटावर पाणी कुठवर आलंय बघायला.

क्रिकेट सोडून देतो, त्यावर लिहायला बसलो तर सकाळ होईल.

रात्री सातनंतर विविध भारती, खरखरत का होईना. जयमाला फौजी भावांसाठी. कुठल्या कुठल्या चौकीवरच्या जवानांची नावं, हुद्दे, आणि मग त्यांनी मागितलेलं गाणं. आई म्हणायची, बघ एवढ्या थंडीत बसून त्याला हे गाणं आठवलं. दुसरीकडे फर्माईशीत झुमरी तलैया या तेव्हाच्या बिहारमधल्या छोट्या गावाची नावं इतकी यायची की मला ते मुंबईएवढं शहर वाटायचं. बुधवारी आठला मात्र सुई रेडिओ सिलोनकडे, अमीन सायानींची बिनाका गीतमाला, तिथं कुणाचं काही चालायचं नाही. या सिलोनचं श्रेय खरं आपल्याच माणसाला, बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना 1952 मध्ये आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, हेतू शास्त्रीय संगीत लोकांपर्यंत जावं हा, आणि लोक उठून सिलोनकडे गेले. मग 1957 च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती काढावी लागली. पण केसकरांना नुसतं नावं ठेवणं मला पटत नाही, शनिवारी रात्री साडेनऊचा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांच्याच काळातला, आणि मला मारवा आणि पूरिया या रागांतला फरक जो काही कळतो तो तिथं जांभया देत देतच कळला.

सगळं गोग्गोड होतं असं मात्र नाही. उद्घाटनं, भूमिपूजनं, मंत्र्यांची भाषणं, ऐकून कान किटायचे. आणीबाणीत तर देशात सगळं छानच चाललंय असं वाटायचं रेडिओवरून, खरं काय ते ऐकायला शेजारचे काका दार लावून बीबीसी लावायचे. एकच दुकान असलं की काय होतं ते तेव्हा बघितलंय, त्यामुळे तेच दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही.

नोकरीनिमित्त बऱ्याच वर्षांनी रत्नागिरीकडे जाणं झालं तेव्हा बंदरावर जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळीबाबांना मी विचारलं, ती रेडिओवरची सूचना तुम्ही ऐकायचात का हो? ते म्हणाले ऐकायचो तर काय, पण वारा आम्हाला आधीच कळायचा. मग दोरा दातात धरून हसले आणि म्हणाले, रात्री तुमचं सांगली लागायचं इकडे, उसाला काणी आली तर बेट मुळासकट उपटून जाळायचं, बरोबर ना? मी म्हटलं बरोबर. म्हणाले, आयुष्यात ऊस लावला नाय हो, पण पाठ आहे.