रस्ट कुठल्या कोर्समधून शिकलात?

रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा. ऑफिसात नव्याने आलेली मुलं हे विचारतात. कॉलेजात बोलायला गेले की विद्यार्थी विचारतात. गेल्या महिन्यात मामेबहिणीच्या मुलाने फोन केला, "मावशी, रस्ट कुठल्या कोर्समधून शिकलीस?" कोर्स केलाच नाही, रस्टलिंग्ज नावाच्या संचातले रस्टचे छोटे स्वाध्याय सोडवले, एवढंच माझं उत्तर. त्यावर समोरच्याचं समाधान होत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

सुरुवात मीही व्हिडिओंनीच केली होती. तेरा वर्षं जावा लिहीत होते, तेव्हा नवी भाषा म्हणजे काय मोठं, असं वाटायचं. दोन महिने रात्री जेवणं आटोपली की एकेक भाग बघायचे आणि सगळं पटायचं. मग एका रविवारी रिकामी फाइल उघडली. मजकुरातल्या ओळी मोजणारा साधा प्रोग्राम लिहायचा होता, पण संध्याकाळपर्यंत तो कम्पाइलच झाला नाही, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कम्पायलरने तो स्वीकारलाच नाही. व्हिडिओत शिकवणाऱ्याने एकही चूक केली नव्हती. त्यामुळे चूक झाली की पुढे काय करायचं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

रस्टलिंग्जमध्ये सुरुवातच चुकीपासून होते. नव्वदहून अधिक छोट्या फाइल्स आहेत, फुकट आहेत, आणि बहुतेक फाइल्स मुद्दाम मोडून किंवा अर्धवट ठेवलेल्या आहेत. एकीत 'लेट' (नवं नाव जाहीर करणारा शब्द) गाळलेलं, दुसरीत 'म्यूट' (बदलाची मुभा देणारा शब्द) नाही. तुम्ही दुरुस्त करायचं आणि सेव्ह करायचं. शेजारच्या टर्मिनलमध्ये लगेच निकाल दिसतो: जमलं, किंवा अमुक ओळीत अमुक चुकलं. सुरुवातीचे स्वाध्याय दोन-दोन मिनिटांचे आहेत. ते सोपे म्हणून गाळू नका. बोटांना वळण तिथेच लागतं.

मला खरी भाषा कळली ती 'मूव्ह सिमँटिक्स'च्या, म्हणजे मालकी हलवण्याच्या नियमांच्या, दुसऱ्या स्वाध्यायात. त्यात 'वेक०' नावाची यादी आहे: २२, ४४, ६६. ती एका फंक्शनला द्यायची, ते तिच्यात ८८ घालून नवी यादी परत देतं, तिचं नाव 'वेक१'. नंतर दोन्ही याद्या तपासायच्या. जावाच्या सवयीने मला यात काही वावगं दिसेना. कम्पायलर मात्र अडून बसला: चूक क्रमांक ई०३८२, हलवलेली किंमत (व्हॅल्यू) पुन्हा वापरताय. कुठल्या ओळीत हलवली, कुठल्या ओळीत पुन्हा मागितली, दोन्ही जागा त्याने खुणेने दाखवल्या होत्या.

मी तासभर इकडे तिकडे चिन्हं टाकून पाहिली. मग हात थांबवले आणि तो निरोप पहिल्या शब्दापासून वाचला. आमच्या घरी शेती आहे, म्हणून मला ते सातबाऱ्यासारखं दिसलं. शेत विकलं, फेरफार झाला, सातबारा दुसऱ्याच्या नावावर चढला. आता जुन्या मालकाला त्यात नांगर घालता येत नाही. 'वेक०' फंक्शनला दिली तेव्हा फेरफार झाला होता. यामागे कारण आहे. रस्टमध्ये मेमरी साफ करायला गार्बेज कलेक्टर नाही. मालकाचं काम संपलं की त्याच्या नावावरची मेमरी मोकळी होते. एकाच यादीला दोन मालक असते, तर तीच मेमरी दोनदा मोकळी झाली असती.

तोडगा निरोपातच होता: क्लोन करा, म्हणजे यादीची नक्कल द्या. केलं आणि हिरवी खूण आली. पण मी तिथून उठले नाही. नक्कल न करता काय होईल? फंक्शनला यादी नुसती बघायला दिली तर? फाइल मोडली, पुन्हा जोडली. बघायला एका वेळी दहा जण चालतात. बदल करायची परवानगी एकालाच, आणि तेवढा वेळ बाकीचे बाहेर. हा नियम मी व्हिडिओत चारदा ऐकला होता. त्या दिवशी तो स्वतः मोडून पाहिला आणि तेव्हापासून तो विसरलेले नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं: हिरवी खूण आल्यावर आणखी पाच मिनिटं तिथेच थांबा. चालणारा कोड मुद्दाम बिघडवा आणि कम्पायलर काय म्हणतो ते वाचा. सूचना बघायची सोय आहे, ती निदान वीस मिनिटं झटल्याशिवाय वापरू नका. एडिटरमधलं एआय तेवढ्यापुरतं बंद ठेवा. त्याने ओळ पूर्ण केली की स्वाध्याय सुटतो, पण तुम्ही तो सोडवलेला नसतो. मी रोज चाळीस मिनिटं बसायचे, पोरं शाळेत गेली की.

प्रोग्रामची मांडणी कशी करायची, हे या स्वाध्यायांतून येत नाही. कारण तिथे फाइल आधीच कुणीतरी लिहून ठेवलेली असते. म्हणून त्यानंतर मी एक्सरसिझम या संकेतस्थळावर गेले. कॅटरिना ओवेन यांनी २०१३मध्ये ते सुरू केलं, ७०हून अधिक भाषांचे स्वाध्याय आहेत, तेही फुकट. तिथे चाचण्या तयार असतात आणि फंक्शनचा आतला भाग तुम्ही लिहायचा.

त्यातला एक आपल्या लोकांनी तर करावाच: शब्द उलटा करणे. इंग्रजी शब्दांवर माझं उत्तर चाललं. मग मी 'पुणे' घालून पाहिलं. रस्टला लांबी विचारली तर १२, कारण तो बाइट मोजतो आणि आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. 'कॅर', म्हणजे सुटी चिन्हं, मोजली तर ४: प, उकार, ण, एकार. आपल्या डोळ्यांना अक्षरं दिसतात दोनच. चारही चिन्हं उलटी लावली तेव्हा एकार पुढे निराधार लटकला आणि प-चा उकार ण-ला जाऊन चिकटला. दिसायला 'णुप', आणि त्याच्या पुढे एक भुंडी मात्रा. मराठी नावं साठवणारी कितीतरी सॉफ्टवेअर अक्षरं का तोडतात, ते मला त्या पडद्यावर दिसलं. युनिकोडची अक्षरं जोडून मोजणारं वेगळं क्रेट, म्हणजे रस्टचं तयार पॅकेज, घेतलं, चार ओळी बदलल्या, आणि 'णेपु' नीट उमटलं.

मामेबहिणीच्या मुलाला मी हाच स्वाध्याय दिलाय, त्याच्या स्वतःच्या नावावर करायला. त्याच्या नावात जोडाक्षर आहे. काल रात्री त्याचा मेसेज आला: "मावशी, हलन्त कुठे धरायचा?" आज संध्याकाळी त्याच्याबरोबर बसणार आहे.