पाचवे गाणे, नोंद तिसरी: अंगण सुटले, गाव सापडले

मागील नोंदीत मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, गाण्याचा मुखडा (सुरुवातीच्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी) पक्का झाला असून आता केवळ अंतरे उरले आहेत. ते विधान मी मागे घेतो. मुखड्यातील एकाच शब्दाने माझे पाच आठवडे खाल्ले आणि गेल्या मंगळवारी तो शब्दच गाण्यातून गेला. त्यासोबत अडचणही गेली, म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा लवकर लिहीत आहे.

ज्या मुखड्यावर मी खूश होतो तो असा होता:

लाकडाच्या बैलासाठी
रिते झाले हे अंगण

अष्टाक्षरी तंतोतंत आहे. चाल केहरव्यात, म्हणजे आठ मात्रांच्या तालात, बांधलेली असून एका मात्रेला एक अक्षर असा सरळ हिशेब आहे. ओळ तिसऱ्या मात्रेवर उचलायची, म्हणजे सातवे अक्षर बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. पहिल्या ओळीत समेवर ‘साठी’मधला ‘सा’ येतो आणि तो छान बसतो. दुसऱ्या ओळीत समेवर येतो ‘अंगण’मधला ‘ग’, आणि मुखड्याचा मुख्य लांब सूर नेमका तिथेच आहे. कागदावर मला यात काहीही खटकले नव्हते. ज्यांना मी माझी गाणी दाखवतो त्या बाईंनी मात्र पेटीवरचा हात न उचलता विचारले, “हे अंगण आहे की अंगाण?”

ध्वनिमुद्रण ऐकल्यावर मलाही ते ऐकू आले. ‘ग’मधला ‘अ’ दोन मात्रांपलीकडे ताणला की तो ‘आ’कडे झुकतो आणि ऐकणाऱ्याच्या कानावर ‘अंगाऽऽण’ असा एक निरर्थक शब्द पडतो. मग मी ‘ग’ आखूड ठेवून ‘ण’ लांबवला, तर ‘अंगणाऽऽ’ ऐकू येऊ लागले, म्हणजे मी अंगणाला हाक मारतो आहे असे वाटू लागले. आपण बोलताना ‘अंगण’ हा शब्द ‘ण’चा पाय मोडून उच्चारतो. लिहिताना तीन अक्षरे असली तरी जिभेवर दोनच ठोके पडतात. ओवी आणि अभंगाच्या छंदांत प्रत्येक अक्षर सुटे आणि पूर्ण म्हणण्याची रीत असल्यामुळे मोजणी चुकत नाही, परंतु आजच्या बोलीच्या वळणाने गायच्या भावगीतात तीच मोजणी अशी फसवते. पहिल्या चार गाण्यांत ही अडचण आली नाही याचे कारण माझे कौशल्य नव्हते. त्यांचे मुखडे योगायोगाने ‘आले’, ‘गेली’, ‘सारे’ अशा स्वरान्त शब्दांवर संपत होते, एवढेच.

यानंतरचे प्रयत्न थोडक्यात सांगतो, कारण आपल्यापैकी कोणी ना कोणी याच वाटेने जाणार आहे. ‘अंगणी’ करून पाहिले. ‘ई’ लांबवता येते, पण अर्थ बदलतो, शिवाय ‘अंगणी, मनी, नयनी’ या मंडळींना बाईंच्या घरात प्रवेश नाही. त्यांच्या मते ही सप्तमी इतकी झिजली आहे की तिच्यावर आता एकही चित्र उमटत नाही, आणि या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत आहे. मग ओळ तिसऱ्याऐवजी चौथ्या मात्रेवर उचलून ‘अं’ समेवर आणला. तेव्हा कळले की अनुस्वार लांबवणे म्हणजे तोंड मिटून नाकात गुणगुणणे. तो सूर खोलीच्या दारापर्यंतही पोहोचत नाही. शेवटी शरण जाऊन खरोखरच हाक मारली, ‘रित्या झाल्या रे अंगणा’. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त चहा ठेवला. त्यांच्याकडे चहा लवकर आला की ओळ नापास झाली, हे मी आता ओळखतो. थोड्या वेळाने म्हणाल्या, “विठ्ठला, पांडुरंगा ही संबोधनं लांबवायला सोपी आहेत हे खरं, पण तिथं हाक मारायला कोणीतरी समोर आहे. तुमच्या अंगणाशी तुमचं एवढं बोलणं होतं का जी?” त्या दिवशी मी नागपूरच्या रेशीमबागेतून घरी परतताना सुरेश भट सभागृहाजवळ दुचाकी थांबवली आणि वहीतला तो मुखडा पूर्ण खोडून टाकला. रागाच्या भरात केलेले हे एकमेव उपयुक्त काम ठरले.

पेटीची व्यथाही याच काळातली आहे. उन्हाळ्यात भात्याचा एक सांधा सुटला म्हणून ती दुरुस्तीला दिली. चार दिवसांचा वायदा होता, तीन आठवडे लागले, आणि परत आली तेव्हा काळी चार ही पट्टी अडकत होती. मी गातो काळी एकमध्ये, म्हणजे त्या पट्टीला ‘सा’ धरून, त्यामुळे नेमका माझा पंचमच अडकतो, आणि मुखड्याचा लांब सूर तोच आहे! पुन्हा तीन आठवडे पेटी सोडण्याची तयारी नसल्याने सध्या पांढरी एक धरून गात आहे. आता काळी चार कोमल धैवत होते, आणि चालीत तो सूर नसल्यामुळे तिला बोट लावण्याची वेळ येत नाही. अर्धा सूर खाली उतरल्याने गाणे थोडे म्हातारे वाटते, आणि या विषयाला ते शोभते असेही आता वाटू लागले आहे.

आता मंगळवारविषयी. दुसऱ्या अंतऱ्यासाठी काही तपशील हवे होते, म्हणून मी आईला तिच्या माहेरच्या पोळ्याबद्दल विचारत होतो. बाहेर पंचेचाळीस अंश, घरात कूलर, आणि ती तांदूळ निवडत बसलेली. तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची कवने, कशा चालत, एकाने म्हणायचे आणि साऱ्या गावाने शेवट उचलायचा, हे सांगता सांगता तिने झडतीचा नेहमीचा शेवट खणखणीत आवाजात म्हणून दाखवला: “एक नमन गौरा पार्वती, हर हर महादेऽऽऽव!” मी तिला ते पुन्हा म्हणायला लावले. मग आणखी एकदा. तिला वाटले मी थट्टा करतो आहे.

‘महादेव’ हा शब्दही व्यंजनावरच मिटतो. तरीही गर्दीला तो लांबवताना कधी अडचण आलेली नाही, कारण गर्दी ‘व’ लांबवत नाही, त्याच्या आधीचा ‘दे’ लांबवते आणि ‘व’ने दार लावून घेते. माझी चूक अकारान्त शब्द निवडण्यात नव्हती. शेवटून दुसरे अक्षर ऱ्हस्व असलेला शब्द निवडण्यात होती. ‘अंगण’, ‘घर’, ‘सावट’ हे शब्द समेवर ताणले की उसवतात. ‘गाव’, ‘वाट’, ‘आभाळ’, ‘बैल’ टिकतात, कारण त्यांच्यात लांबवण्याजोगा स्वर आधीच आहे आणि शेवटचे व्यंजन त्याला काठ देते. पाच आठवडे मी स्वरान्त शब्दांची यादी करत होतो, आणि उत्तर ज्या सणावर मी गाणे लिहितो आहे त्याच सणात पडून होते.

त्याच रात्री चौकटीच्या वहीत नवा मुखडा मांडला. (या वहीविषयी पुन्हा एकदा सांगतो: सीताबर्डीत मिळणारी शाळकरी मुलांची गणिताची वही घ्या, आठ चौकटींनंतर जाड रेघ ओढा आणि एका चौकटीत एकच अक्षर लिहा. फोनमधली गीतलेखनाची दोन अॅप मी वापरून सोडली. त्यांना जोडाक्षर हे एक अक्षर आहे हेच कळत नाही.) पहिला खर्डा असा उतरला:

लाकडाच्या बैलासाठी
आता कुठे आहे गाव

‘गा’ समेवर. तिथून सात मात्रा पंचम धरायचा, आठवीवर ‘व’ नुसता टेकवायचा, पुढच्या दोन मात्रा मोकळ्या सोडायच्या आणि तिसरीवर पुढची ओळ उचलायची. पाच आठवड्यांत प्रथमच सूर धरताना मला शब्दाची भीती वाटली नाही. मी तो एकट्याने वीसेक वेळा तरी म्हटला असेन.

रविवारी बाईंनी ‘गाव’ ऐकून मान डोलावली आणि लगेच ‘आता कुठे’वर बोट ठेवले. ‘आता कुठे पाऊस आला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘एवढ्यात, एकदाचा’ असा होतो. ओळ कानावर पडताच ऐकणारा आधी तोच अर्थ घेणार, आणि प्रश्न आहे हे त्याला समेनंतर कळणार. वाचताना हे जाणवत नाही, कारण डोळा मागे जाऊ शकतो. कानाला ती सोय नाही. त्यांनी सुचवले काहीच नाही, आणि हीच त्यांची पद्धत आहे: त्या दोष दाखवतात, शब्द देत नाहीत. गेल्या वर्षी मला याचा राग येत असे. दहा मिनिटे शांततेत गेली आणि मग मी म्हणालो, “सांगा कुठे आहे गाव.” चहा आला नाही. बाईंनी पेटी ओढून घेतली आणि तो मुखडा स्वतः गायला. सव्वा वर्षात त्यांनी माझी ओळ आपणहून गाण्याची ही दुसरी वेळ, आणि पहिल्या वेळी त्या ओळीतला अर्धा भाग त्यांचाच होता.

यमकांचा प्रश्न अनपेक्षितपणे सुटला. गझलेतील अलामतीचा नियम बाई गीतालाही लावतात: ‘व’च्या आधीचा ‘आ’ प्रत्येक अंतऱ्यात तसाच आला पाहिजे, कारण समेवर लांबणारा स्वर बदलला तर चालीचा रंगच बदलतो. नाव, डाव, घाव, ठाव, भाव असा भरपूर ऐवज हाताशी आहे. त्यातून हे दोन तुकडे तयार झाले:

काचेमागे उभा बैल
दोरीविना मोडे डाव

पायांखाली त्याच्या चाके
बैलाला या नाही नाव

‘बैल’ हा शब्द विषम ओळीच्या शेवटी येतो. तिथे थांबायचे नसल्यामुळे मी त्याला हात लावलेला नाही. ‘घाव’ मात्र मी वापरणार नाही. मराठी गीतांत घावांची संख्या आधीच पुरेशी आहे.

ही नोंद लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली, ती इथेच मांडतो. ‘सांगा’ हा शब्द केवळ अर्थाची गल्लत टाळण्यासाठी आला होता, पण तो आल्यामुळे मुखडा अचानक कोणाला तरी उद्देशून झाला आहे. झडतीत एक जण म्हणतो आणि गाव शेवट उचलतो. मग हे गाणे एकट्याच्या आवाजात का असावे? अंतरा एकट्याने म्हणायचा आणि ‘गाऽऽव’ फक्त मुलांनी उचलायचा, असे केले तर गाव नाही असे म्हणणाऱ्या ओळीत गावच ऐकू येईल. म्हणजे मागील नोंदीत आखलेला बासरीचा तुकडा बाद, आणि दुसऱ्या अंतऱ्यानंतरची सुरावटही बाद. आमच्या इमारतीतील सात मुले दरवर्षी तान्ह्या पोळ्याला वाहनतळात लाकडी बैल मांडतात. त्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीतच गाठायला हवे. तालासाठी फोनमधला तबला चालणार नाही असेही दिसते. त्याची लय घड्याळासारखी पक्की आहे, पण मुले समेवर किंचित उशिरा येतील आणि तो त्यांच्यासाठी थांबणार नाही. टाळ्या किंवा एखादी ढोलकी पुरेशी ठरेल.

ध्वनिमुद्रणाचा प्रश्न शिल्लक आहेच. कूलर सुरू असला तर त्याची घरघर प्रत्येक मोकळ्या मात्रेत शिरते, आणि नव्या मुखड्यात दोन मोकळ्या मात्रा मी मुद्दाम ठेवल्या आहेत. तो बंद केला तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत गाणाराच बंद पडतो. पहाटे पाच वाजता कूलर बंद ठेवून मुद्रण करणे हा माझ्यापुरता उपाय आहे, सात मुलांना तो लागू होणार नाही. कॉलर माइकही या कामाचा नाही. तो एका गळ्याला ठीक आहे, पण ‘भ’ आणि ‘फ’ आले की फुटतो. पहिला पाऊस पडून कूलर थांबेपर्यंत तालमी करायच्या आणि मुद्रण जुलैत करायचे, असे सध्या ठरवले आहे. पोळा श्रावणी अमावास्येचा, तान्हा पोळा त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे हाताशी वेळ आहे.

तिसरा अंतरा अद्याप नाही. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी शहरातून मारबत निघते. एकीकडे इडापिडा घेऊन जाणारी मिरवणूक आणि दुसरीकडे काचेमागचा बैल, एवढेच मनात आहे, आणि यमकासाठी ‘ठाव’ राखून ठेवला आहे. ‘मारबत’ मात्र समेवर ठेवायचा नाही, हे चौकटीच्या वहीत वरच्या समासात लाल शाईने लिहून ठेवले आहे. पुढच्या रविवारी आई माझ्यासोबत बाईंकडे येणार आहे. झडतीत ‘दे’ नेमका किती मात्रा टिकतो याबद्दल तिचे आणि माझे एकमत होत नाही, आणि बाईंनी पेटीवर हात ठेवून तो मोजायचे कबूल केले आहे.