घरच्या हवेचा सेन्सर: आकडा उमटतो, पण तो कशाचा?

घरची हवा मोजायची म्हटलं की बहुतेकांच्या हाती आधी एमक्यू-१३५ हा वायूचा सेन्सर लागतो. स्वस्त आहे, आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) तीन तारांत जोडता येतो आणि स्क्रीनवर ‘सीओटू’ म्हणून आकडाही उमटतो. तो आकडा कार्बन डायऑक्साइडचा नसतो. आत टिन ऑक्साइडचा तापवलेला थर असतो. सॅनिटायझर, धूर, उदबत्ती, मिरचीची फोडणी, काहीही आलं की त्याचा रोध बदलतो; कार्बन डायऑक्साइडला मात्र तो जवळजवळ दाद देत नाही. ‘ई-सीओटू’ दाखवणारे छोटे सेन्सरही असाच अंदाज बांधतात. त्यात पैसे घालू नका.

खरं मोजायचं तर दोन गोष्टी हव्यात. बारीक धुळीसाठी पीएमएस५००३ (लेझरवर चालतो) आणि कार्बन डायऑक्साइडसाठी एससीडी४०. एससीडी४० तापमान आणि आर्द्रताही देतो, म्हणून त्यासाठी वेगळा सेन्सर नको. शिवाय एक ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर), ५ व्होल्ट २ अँपिअरचा चार्जर, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि इलेक्ट्रिकच्या दुकानातला प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स.

जोडणी सोपी आहे. पीएमएसच्या पंख्याला ५ व्होल्टच लागतात, ३.३ वर दिला तर पंखा रडतखडत फिरतो आणि आकडे कमी येतात. त्याची डेटा लाइन मात्र ३.३ व्होल्टची आहे, त्यामुळे ईएसपी३२ला थेट चालते. पीएमएसची टीएक्स (डेटा पाठवणारी तार) बोर्डाच्या १६ नंबर पिनला, आरएक्स (डेटा घेणारी) १७ला, वेग ९६००. (बोर्डावर रोव्हर मॉड्यूल असेल तर १६-१७ मेमरीला वापरलेल्या असतात, दुसऱ्या पिना घ्या.) एससीडी४० ३.३ व्होल्टवर, त्याच्या डेटा-तारांपैकी एसडीए २१ला, एससीएल २२ला. या तारा वीतभर ठेवा. लांब ओढल्या की सेन्सर मध्येच ‘सापडत नाही’ म्हणतो. एससीडी४०वरच्या पांढऱ्या पडद्याला बोट लावू नका आणि सोल्डरिंगनंतर बोर्ड धुऊ नका.

बोर्ड आपोआप रीस्टार्ट होत असेल तर प्रोग्रामला दोष देण्याआधी यूएसबी केबल बदला. वायफाय सुरू होताना आणि एससीडी४० मोजताना करंट क्षणभर उसळतो. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. कपॅसिटर ५ व्होल्ट आणि ग्राउंडच्या मध्ये लावायचा तो याचसाठी. ध्रुव बघून लावा.

प्रोग्राम लिहायची गरज नाही. होम असिस्टंट (घरची उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर त्याच्या जोडीच्या ईएसपीहोममध्ये दोन्ही सेन्सर तयार आहेत. तीन गोष्टी मात्र हाताने भरायच्या.

एक, उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, म्हणजे हवेचा दाब इथे साधारण ७ टक्के कमी. कार्बन डायऑक्साइडचं मोजमाप दाबावर अवलंबून असतं, आणि उंची भरली नाही तर सेन्सर समुद्रकाठीच बसल्याचं धरतो.

दोन, पीएमएसला विश्रांती. त्याचा लेझर अखंड चालवला तर आयुष्य साधारण ३ वर्षांचं. दर ५ मिनिटांनी उठवा, ३० सेकंद पंखा फिरू द्या, मग वाचन घ्या. उठल्याउठल्या घेतलेला आकडा कचऱ्यात.

तीन, स्वयं-कॅलिब्रेशन (सेन्सर आपला आकडा आपणच जुळवून घेतो ते), आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. एससीडी४० असं धरून चालतो की आठवड्यातून एकदा तरी त्याला मोकळी हवा, म्हणजे ४०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग) आसपास, मिळते. हिवाळ्यात खिडक्या लावून घेतलेल्या बेडरूममध्ये ती मिळतच नाही. मग खोलीतला नीचांक, समजा ६५०, त्यालाच तो हळूहळू ४०० समजू लागतो आणि पुढचे सगळे आकडे खाली घसरतात. ग्राफ छान दिसतो, हवा तीच. उपाय: स्वयं-कॅलिब्रेशन बंद करा. दुपारी, वारा खेळता असताना, गॅलरीत सावलीत २० मिनिटं चालू ठेवा, जवळ उभं राहून श्वास सोडू नका आणि ४२०वर सक्तीचं कॅलिब्रेशन करा, म्हणजे ‘ही हवा ४२०ची’ असं सेन्सरला सांगा. दर काही महिन्यांनी पुन्हा.

बेडरूम किती भरते याचा हिशेब करून बघा. १० बाय १२ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ हजार लिटर हवा. झोपलेली दोन माणसं तासाला साधारण २५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. फटी नसत्या तर तासाला ७०० पीपीएमची भर. फटी असतात म्हणूनच बरं. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही.

बॉक्समध्ये ईएसपी३२ वर आणि एससीडी४० खाली, मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, कारण गरम हवा वर जाते. बोर्डाच्या उष्णतेने तापमान ३ अंश जास्त दिसलं तर ६० टक्के आर्द्रता ५०च दिसते. पीएमएसची हवा आत घ्यायची आणि बाहेर टाकायची तोंडं एकाच बाजूला असतात. दोन्ही बॉक्सबाहेर उघडी ठेवा, नाहीतर तो स्वतःचीच हवा पुन्हा ओढतो. बॉक्स छातीच्या उंचीवर, देवघर आणि शेगडीपासून लांब. शेगडीवर लावलात तर तेलाची वाफ महिन्याभरात आतून थर देते.

पीएमएसच्या दोन प्रकारच्या आकड्यांपैकी ‘वातावरणीय’ घ्या. १००च्या आत त्याची चूक (दर घनमीटर हवेत) १० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकते, म्हणून १२ आणि १८ वरून वाद नको. श्रावणात आर्द्रता ९०च्या पुढे गेली की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडाही फुगतो. ‘समीर’ या सरकारी ॲपवरच्या हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाशी थेट तुलना करू नका: तो २४ तासांच्या सरासरीवरचा, वेगळ्या मोजपट्टीतला आकडा असतो. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतची बारीक धूळ) ६० मायक्रोग्रॅम असेल तेव्हा निर्देशांक १०० असतो, आणि हे ६० म्हणजे आपली २४ तासांची राष्ट्रीय मर्यादा. जागतिक आरोग्य संघटनेची १५ आहे.

ऑटोमेशन लावताना नाशिकची थंडी ध्यानात घ्या. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार; शेकोट्यांचा आणि गाड्यांचा धूर वर न जाता गल्लीतच पसरतो. ‘कार्बन डायऑक्साइड १२००च्या पुढे गेलं की खिडकी उघडा’ एवढाच नियम ठेवलात तर सकाळी सहाला कार्बन डायऑक्साइड उतरेल आणि धूळ चढेल. गॅलरीत आडोशाला दुसरा पीएमएस लावा आणि बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हाच सूचना द्या. थंडीत ती बहुधा उन्हं चांगली तापल्यावर येईल. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टला धुळीच्या ८०वर सुरू, ३५वर बंद असं अंतर ठेवा. एकाच आकड्यावर ठेवलात तर रिले दर मिनिटाला टकटक करेल. २३० व्होल्टची बाजू वेगळ्या बॉक्समध्ये, वायरमनकडून.

आणि बाथरूममधल्या गॅस गिझरसाठी याचा काही उपयोग नाही. तिथला धोका कार्बन मोनॉक्साइडचा, आणि तो या दोन्ही सेन्सरना दिसत नाही. त्याचा तयार, प्रमाणित अलार्मच घ्या आणि झरोका उघडा ठेवा.