चेंडू सोडून पाय बघायचे: ऑफेन्सिव्ह लाइनमन पारखताना

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी (नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी) कॉलेजचा ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाचांपैकी एक, पारखायचा असला, की मी टीव्हीवरचं चित्रण आधी बाजूला ठेवतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो आणि आपला माणूस चौकटीबाहेर राहतो. मला हवी असते ती कोच मंडळींची फिल्म, त्यातही एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, बाजूने घेतलेली. त्यात पाचही जणांचे पाय दिसतात.

एका खेळाडूचे चार सामने पुरतात, पण त्यातले दोन तरी तगड्या पास रशरसमोरचे (क्वार्टरबॅकवर धावून जाणाऱ्यासमोरचे) हवेत. मग चाळणी लावतो. कॉलेजात स्क्रीन (झटपट छोटा पास), प्ले अ‍ॅक्शन (पळण्याची हूल देऊन पास) आणि आरपीओ (पळायचं की पास, ते ऐनवेळी ठरवायचं) यांचा भरणा एवढा, की टॅकलच्या, म्हणजे लाइनच्या टोकाच्या लाइनमनच्या, वाट्याला खरं पास ब्लॉकिंग कमीच येतं. पास टाकण्याआधी लाइनमनला कॉलेजात तीन यार्ड पुढे जायची मुभा आहे, एनएफएलमध्ये एकच. तो सगळा माल बाजूला काढून थर्ड अँड लाँगचे (तिसरा प्रयत्न आणि बरेच यार्ड बाकी, म्हणजे पास जवळपास नक्की) स्नॅप, म्हणजे डाव, आधी बघतो. तिथेही टाइट एंड किंवा रनिंग बॅक मदतीला आला असेल, तर तो स्नॅप हिशेबात धरत नाही.

उरलेला प्रत्येक स्नॅप तीनदा बघतो.

पहिल्यांदा फक्त पाय. टॅकल मागे सरकताना टाचा जवळ आल्या, की तोल गेलाच म्हणून समजा. बाहेरच्या वेगाला घाबरून तो कंबर लवकर उघडतो आणि हुशार रशर आतून निसटतो. दुसऱ्यांदा हात. कोपरं आत, पंजे समोरच्याच्या छातीवर, तेही वेळेवर. हात रुंद पडले की होल्डिंगचा (समोरच्याला धरून ठेवल्याचा) फ्लॅग ठरलेला. मला जास्त खटकतं ते गुडघ्यांऐवजी कंबरेतून वाकणं, कारण मग डोकं पायांच्या पुढे जातं आणि एका झटक्यात माणूस तोंडावर पडतो. कोल्हापुरातल्या तालमीतल्या वस्तादाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तिसऱ्यांदा बघतो ते शेवट: बुल रश (सरळ रेटत येणारा हल्ला) आल्यावर दोन पावलं मागे जाऊन बूड खाली टाकून थांबला तर चालेल, थेट क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसला तर नाही.

सॅक झाली (क्वार्टरबॅक चेंडूसकट पाडला गेला) म्हणून लगेच टॅकलच्या नावावर मांडू नये. क्वार्टरबॅक चार सेकंद चेंडू कवटाळून बसला असेल, तर चूक त्याची. गार्ड आणि सेंटर (लाइनमधले आतले तिघे) बघताना स्टंटकडे (रशर आपसात जागा बदलतात त्याकडे) लक्ष ठेवतो. आपला रशर शेजाऱ्याच्या हवाली करून नवा घेताना मान वर आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

मापं मी सगळ्यात शेवटी उघडतो. टॅकलचे हात 34 इंच असावेत असं स्काउट म्हणतात. कारणही साधं: हात आखूड असले की रशर आधी छातीला भिडतो. पण क्लीव्हलँड ब्राउन्सचा टॅकल जो थॉमस याचे हात 32.5 इंच होते आणि तो सलग 10,363 स्नॅप खेळला. 2018 मध्ये ऑर्लँडो ब्राउन ज्युनियर हा टॅकल इंडियानापोलिसच्या कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) 40 यार्ड 5.85 सेकंदांत धावला आणि 225 पौंडांची बेंच प्रेस जेमतेम 14 वेळा उचलली. तो तिसऱ्या फेरीपर्यंत घसरला आणि पुढे अनेकदा प्रो बोलला (लीगमधल्या उत्तम खेळाडूंत) निवडला गेला. तसाही लाइनमन सलग 40 यार्ड धावतो कधी? पहिल्या 10 यार्डांची वेळ मात्र जरूर बघतो. हात आखूड आणि पाय चांगले असतील, तर नावापुढे ‘गार्ड?’ असं लिहून ठेवतो.

अलाबामातल्या मोबाइल शहरात होणाऱ्या सीनियर बोलच्या (ड्राफ्टला येणाऱ्या कॉलेज खेळाडूंच्या सामन्याच्या) सरावातल्या एकास-एक झुंजी बघताना मी हार-जीत मोजत नाही. मोकळ्या जागेत, शेजारी कोणी नसताना, पारडं रशरकडेच झुकलेलं असतं. हरलेल्या झुंजीनंतरची पुढची झुंज मात्र चुकवत नाही. आतून मार खाल्लेला टॅकल पुढच्या वेळी पाय कुठे ठेवतो, ते तिथे दिसतं.