लिस्बनची जुनी दुकानं: चढ-उतार सांभाळून केलेली खरेदी

लिस्बनमध्ये खरेदीला निघायचं तर आधी पायात काय घातलंय ते बघा. इथले फुटपाथ छोट्या चुनखडी दगडांचे आहेत. माणसांच्या चालण्याने ते गुळगुळीत झालेत आणि पावसाची एक सर आली की त्यावर भलेभले घसरतात. रबरी तळाचे बूट हवेत. चपला, सँडल हॉटेलात राहू द्या.

सुरुवात नदीकाठच्या बायशा भागातून करावी. 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपात आणि नंतरच्या आगीत हा भाग बेचिराख झाला. पुढे राजाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली तो सरळ रेषेतल्या रस्त्यांनी पुन्हा उभा राहिला आणि एकेका धंद्याला एकेक रस्ता मिळाला. चांभारांचा, कापडवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा, सोनारांचा. पाट्यांवर ती नावं अजून आहेत. धंदे मात्र बरेचसे गेले आणि त्यांच्या जागी फ्रिजवरचे चुंबक, कोंबड्याच्या मूर्ती आणि बुचाच्या पर्सा आल्या. जगातलं जवळजवळ निम्मं बूच पोर्तुगालमध्ये निघतं, तेव्हा बुचाची वस्तू घ्यायला हरकत नाही. पण पहिल्याच दुकानात घेऊ नका. शिवण आणि आतलं अस्तर तपासा. नुसता वरचा पातळ थर बुचाचा असलेला माल भरपूर दिसतो.

बायशात चुकवू नये असं दुकान म्हणजे कोन्सेर्व्हेरा द लिस्बोआ, 1930 पासूनचं. विकतात फक्त डबाबंद मासे: सार्डिन, ट्यूना, बांगडा. भिंतभर लाकडी फळ्या, त्यावर रंगीत कागदातले डबे, आणि तुम्ही घेतलेले डबे दोऱ्याने बांधून देणारी माणसं. याच शहरात सर्कशीसारखी रोषणाई करून, डब्यावर तुमचं जन्मवर्ष छापून तेच मासे विकणारीही दुकानं आहेत. फोटो तिथे काढा, मासे इथे घ्या. शाकाहारी मंडळींनी पाच मिनिटं बाहेर थांबावं. खारवलेल्या कॉड माशाच्या दुकानासमोर तर दहा पावलं लांबच, कारण वास थेट सुक्या बोंबलाच्या बाजाराची आठवण करून देतो. (आम्हाला तो आवडला.)

बायशातून वर शियादूला जायला सांता जुस्ताच्या जुन्या लिफ्टवर विसंबू नका. बायशा-शियादू मेट्रो स्टेशनचं एक तोंड खाली आणि दुसरं वर आहे. मधले लांबलचक सरकते जिने तिकीट न काढता वापरता येतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी याहून चांगली सोय नाही.

ऑगस्ट 1988 मध्ये शियादूचा मोठा भाग जळाला आणि वास्तुविशारद आल्व्हारु सिझा यांनी तो जुन्या चेहऱ्यासकट पुन्हा उभारला. तिथला मॉल सोडून द्या, तसे मॉल पुण्यातही आहेत. रुआ गारेतवर बेर्त्रांद हे 1732 साली सुरू झालेलं आणि आजही चालू असलेलं पुस्तकांचं दुकान आहे. इंग्रजी पुस्तकं मिळतात आणि मागितलं तर पुस्तकावर दुकानाचा शिक्का मारून देतात.

पण माझं मन जिंकलं ते रुआ दु कार्मुवरच्या लुव्हारिया उलिसेशने. 1925 पासून फक्त हातमोजे. दुकान इतकं चिमुकलं की एका वेळी दोनच गिऱ्हाइकं मावतात, बाकीची रस्त्यावर रांगेत. आत गेलं की कोपर एका छोट्या उशीवर टेकवायचं. विक्रेता नजरेनेच माप ओळखतो, हातमोजा लाकडी चिमट्याने सैल करतो, आत पावडर भुरभुरवतो आणि बोट न् बोट बसवून देतो. मुंबईच्या उकाड्यात हातमोजे कशाला, हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो.

आव्हेनिदा द लिबेर्दाद ही महागड्या ब्रँडची झाडीदार हमरस्ता-बाजारपेठ. संध्याकाळी फिरायला छान, खरेदीला नाही.

मंगळवार किंवा शनिवार हाताशी असेल तर सकाळीच कांपु द सांता क्लारा चौकातला जुन्या वस्तूंचा बाजार गाठा. सांता अपोलोनिया मेट्रोपासून चढ आहे, पण 28 नंबरच्या ट्राममधली गर्दी आणि खिसेकापू यापेक्षा तो बरा. इथे रोख रक्कम लागते आणि घासाघीस चालते. जुन्या निळ्या टाइल्स मात्र रस्त्यावरून घेऊ नका. इमारतींच्या भिंतींवरून उचकटलेला माल बाजारात येतो. पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

घरच्या जेवणाची आठवण आली की मार्तीं मोनीज चौकात जा. तिथल्या मोरारिया शॉपिंग सेंटरमध्ये डाळी, मसाले मिळतात. लिस्बनमधल्या भारतीयांत दीव आणि मोझांबिकमार्गे आलेले गुजराती बरेच, गोवेकरही आहेत. म्हणूनच साध्या कॅफेच्या काचेमागेही समोसा दिसतो.

वेळेचं म्हणाल तर छोटी जुनी दुकानं रविवारी बंद, काही शनिवारी दुपारनंतरही. त्यामुळे त्यांच्यासाठी मधले वार ठेवा. खरेदीवरचा कर परत मिळवायचा तर दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म मागा. बिल कर वगळून 50 युरोच्या वर हवं. दुबईमार्गे परतणाऱ्यांनी लिस्बन विमानतळावरच, बॅग चेक-इन करण्याआधी, यंत्रावर फॉर्म स्कॅन करावा, कारण अधिकारी वस्तू दाखवा म्हणू शकतात. तेलातल्या माशांचे डबे मात्र चेक-इनच्या बॅगेतच टाका. हातातल्या सामानात ते सुरक्षा तपासणीला अडकू शकतात.